दिव्यांग म्हणून मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन लग्नानंतर आणि परदेशी गेल्यावरही चालू राहते का?

नौपाडकर (ठाणे)

माझी धाकटी बहीण चौतीस वर्षांची असून लहानपणीच्या काचबिंदूमुळे तिची दृष्टी पूर्णपणे गेलेली आहे. तिच्याकडे शंभर टक्के दृष्टिदोषाचे कायमस्वरूपी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे केंद्रीय ओळखपत्र, आहे. आमचे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे, आणि आई गेल्यानंतर ते बहिणीच्या नावे सुरू झाले. रक्कम फार मोठी नाही, परंतु तिची स्वतःची म्हणावी अशी मिळकत एवढीच आहे. तिने दूरध्वनी केंद्राच्या कामाचे प्रशिक्षण घेतले आहे, पण नोकरी कधी मिळाली नाही.

आता तिचे लग्न ठरले आहे. मुलगा मूळचा डोंबिवलीचा असून जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. लग्न माघात ठाण्यातच होईल, आणि व्हिसा मिळाला की ती तिकडे जाईल. तिथे किती वर्षे राहायचे हे त्या दोघांनीही अजून ठरवलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. लग्नामुळे हे निवृत्तिवेतन बंद होईल का? लग्नाने बंद होत नसेल, तर परदेशात राहायला गेल्यामुळे होईल का? दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागणारा हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा, आणि राम मारुती रस्त्यावरच्या बँकेतील तिच्या खात्याचे काय करायचे? आयकरात दिव्यांग म्हणून मिळणारी वजावट पुढे मिळेल का?

आमच्या आत्याचे म्हणणे असे की कोणाला काही कळवूच नये, एटीएम कार्ड माझ्याकडे ठेवावे आणि पैसे मी काढून तिला पाठवावेत. आत्याचा हेतू चांगला आहे, पण मला ते पटत नाही. तरीही कळवल्यामुळे असलेले बंद झाले, तर बहीण पूर्णपणे नवऱ्याच्या मिळकतीवर अवलंबून राहील, ही धास्ती आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त लेखाधिकारी (वाशी)

नौपाडकर, मी सेवेची बरीच वर्षे केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन विभागात काढली आहेत, म्हणून आपल्या पहिल्या दोन प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो. बँक आणि आयकर यांविषयी अधिक जाणणारे येथे आहेत.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा, कारण त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तीला जे काही मिळते, त्यातील काही गोष्टी कोणाच्या तरी सेवेतून किंवा वर्गणीतून हक्काने आलेल्या असतात, तर काही राज्याच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या गरजू व्यक्तीसाठी असतात. पहिल्या प्रकारातील पैसा माणसाबरोबर जगात कुठेही जाऊ शकतो, फक्त त्यासाठीची कागदपत्रे वेळेवर द्यावी लागतात. दुसऱ्या प्रकारातील मदत वास्तव्य सुटले की थांबते, आणि ती थांबणे रास्तही आहे. आपल्या बहिणीचे कुटुंब निवृत्तिवेतन पहिल्या प्रकारात मोडते. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, २०२१ मधील नियम ५० खाली ते मिळते, आणि भारतात राहिले पाहिजे अशी अट त्यात नाही.

लग्नाविषयी: दिव्यांग मुलाला किंवा मुलीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन लग्नामुळे थांबत नाही. पूर्वी थांबत असे. केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाने जानेवारी २०१३ मध्ये आदेश काढून ती अट काढून टाकली. जुन्या पुस्तकांत आणि काही कार्यालयांतील जुन्या मंडळींच्या डोक्यात मात्र ती अजून जिवंत आहे. त्यामुळे कोणी तोंडी "लग्न झाले म्हणजे संपले" असे सांगितले, तर त्यावर विसंबू नये.

आता खरा धोका कोठे आहे ते सांगतो. आई गेल्यानंतर आपल्या बहिणीला निवृत्तिवेतन नेमके कोणत्या नात्याने मंजूर झाले, हे आपण पाहिले आहे का? पंचवीस वर्षांवरील मुलीला ते दोन वेगवेगळ्या वाटांनी मिळू शकते. एक वाट दिव्यांग अपत्य म्हणून, आणि दुसरी अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी म्हणून. दुसऱ्या वाटेने मंजूर झाले असेल, तर लग्नाच्या दिवशी ते संपते, मग मुलगी दिव्यांग असो वा नसो. कार्यालयात अर्ज देताना घरच्यांकडे वैद्यकीय कागद हाताशी नसले की लिपिक सोपी वाट सुचवतो, आणि त्या क्षणी रक्कम तीच असल्याने कोणाला काही फरक जाणवत नाही. म्हणून निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची, म्हणजे पीपीओची, प्रत आणि त्याबरोबरचे मंजुरीचे पत्र आजच काढून वाचावे.

उत्पन्नाची अटही दोन्ही वाटांवर वेगळी आहे. दिव्यांग अपत्यासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बरीच सैल करण्यात आली. कुटुंब निवृत्तिवेतन सोडून इतर मार्गांनी मिळणारे एकूण उत्पन्न हे वडिलांच्या अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के आणि त्यावरील महागाई भत्ता यांच्या बेरजेपेक्षा कमी असले पाहिजे. उदाहरणादाखल, सुधारित वेतन ४०,००० रुपये धरले तर तीस टक्के म्हणजे १२,००० रुपये, आणि त्यावर अठ्ठावन्न टक्के महागाई भत्ता धरला तर मर्यादा १८,९६० रुपये होते. हे बहिणीचे स्वतःचे उत्पन्न आहे, नवऱ्याचे नव्हे. तिकडे तिला नोकरी मिळाली, तर मात्र ही मर्यादा सहज ओलांडली जाईल, हे आताच समजून असावे. जर्मनीत अल्प वेळाच्या किरकोळ नोकरीची मासिक मर्यादा २०२५ साली ५५६ युरो होती, म्हणजे एवढीशी नोकरीसुद्धा आपल्याकडच्या हिशेबाने पन्नास हजारांच्या पलीकडे जाते. नोकरी लागली की तिने स्वतःहून कळवावे. चांगली नोकरी मिळून हे निवृत्तिवेतन सुटले, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

आपल्या आत्याबाईंच्या सल्ल्याविषयी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन वाटपाच्या योजनेत मुखत्यारपत्रधारकालासुद्धा निवृत्तिवेतनाचे खाते चालवू देत नाहीत. धनादेश आणि रक्कम वळती करण्याच्या स्थायी सूचना एवढ्यालाच मुभा आहे. मग कार्ड वापरून भावाने पैसे काढणे हे कोणत्याही नियमात बसत नाही. वैवाहिक स्थितीचे आणि नोकरी नसल्याचे घोषणापत्र बहिणीच्या सहीने किंवा अंगठ्याने जाते. ते खोटे ठरले तर वसुली तिच्याकडूनच होईल. हक्काचा पैसा चोरासारखा का घ्यावा?

---

नौपाडकर (ठाणे)

साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे कपाटातील सारी कागदपत्रे काढून पाहिली. मंजुरीच्या पत्रात "अविवाहित कन्या" असेच लिहिलेले आहे. दिव्यांगत्वाचा उल्लेख कोठेही नाही. आई गेली त्या काळात आम्ही अर्ज घाईघाईने भरला होता, आणि कार्यालयातील गृहस्थांनी "अविवाहित आहे ना, मग मृत्यूचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला पुरेसा आहे" असे सांगितले होते. आता काय करावे? लग्नाला तीन महिनेही उरलेले नाहीत.

---

निवृत्त लेखाधिकारी (वाशी)

घाबरून जाऊ नये. ज्या दिवशी निवृत्तिवेतन सुरू झाले, त्या दिवशीही आपली बहीण दिव्यांग अपत्य म्हणून पात्र होतीच, आणि नियमातील क्रमानुसार दिव्यांग अपत्याचा हक्क अविवाहित मुलीच्या आधी येतो. दृष्टी बालपणीच गेलेली असल्यामुळे दिव्यांगत्व आई-वडिलांच्या हयातीतील आहे, हे दाखवणे अवघड जाणार नाही. लहानपणीच्या शस्त्रक्रियेचे किंवा अंधशाळेतील प्रवेशाचे जुने कागद असतील, तर तेही जोडावेत. प्रमाणपत्राचा दिनांक नंतरचा असला, तरी अशा कागदांवरून पूर्वीची स्थिती सिद्ध होते.

अर्ज बँकेकडे करू नये. वडील ज्या कार्यालयातून निवृत्त झाले, त्या कार्यालयप्रमुखांच्या नावे करावा. त्यात विनंती अशी असावी की सध्या अविवाहित मुलगी म्हणून मंजूर असलेले कुटुंब निवृत्तिवेतन नियम ५० नुसार दिव्यांग अपत्य म्हणून तहहयात मंजूर करून सुधारित आदेश काढावा. सोबत पीपीओ, कायमस्वरूपी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यूडीआयडी, जन्मदाखला, उत्पन्नाचे घोषणापत्र आणि विवरणपत्र भरत असल्यास त्याची प्रत द्यावी. तेथून प्रकरण वेतन व लेखा कार्यालयाकडे, मग दिल्लीच्या केंद्रीय निवृत्तिवेतन लेखा कार्यालयाकडे आणि शेवटी बँकेच्या केंद्रीय निवृत्तिवेतन कक्षाकडे जाते. ठाण्याच्या शाखेतील व्यवस्थापकाच्या हातात यातले काहीही नसते, म्हणून त्याच्यावर चिडण्यातही अर्थ नाही.

अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावी. दाद लागत नाही असे वाटले, तर केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाच्या सीपेन्ग्राम्स या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तिला क्रमांक मिळतो आणि कार्यालयाला लेखी उत्तर द्यावेच लागते. माझ्या अनुभवात, पोच आणि तक्रार क्रमांक असलेले प्रकरण टेबलावरून हलते, आणि फक्त फोनवर विचारलेले प्रकरण तिथेच राहते.

लग्नापूर्वी सुधारित आदेश हाती आला तर उत्तम. नाही आला, तर लग्न पुढे ढकलण्याची मुळीच गरज नाही. विवाहाची माहिती मात्र द्यावी. मग बँक रक्कम थांबवील, आणि सुधारित आदेश आल्यावर मधल्या काळाची थकबाकी मागता येईल, कारण दिव्यांग अपत्य म्हणून तिची पात्रता विवाहावर अवलंबून नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. लग्नानंतर नाव बदलण्याची घाई करू नये. पीपीओ, आधार, पॅन, पारपत्र, यूडीआयडी आणि बँक खाते या साऱ्यांवर आज एकच नाव असेल, तर ते तसेच राहू द्यावे. नाव न बदलण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि श्टुटगार्टमध्ये बसून सहा ठिकाणी नाव बदलून घेणे हा छळ आहे.

---

कोपरीची लेक (सध्या जर्मनीत)

मी ठाणे पूर्वेची, गेली अनेक वर्षे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातच राहते. माझ्या सासूबाई आमच्याकडे असतात आणि त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन भारतातून येते, त्यामुळे हयातीच्या दाखल्याची वाट माझ्या पायाखालची आहे.

श्टुटगार्टचा भाग म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. तेथील अधिकाऱ्यासमोर पारपत्र आणि पीपीओ घेऊन गेल्यास ते हयातीच्या दाखल्यावर सही-शिक्का करून देतात, आणि मूळ प्रत भारतातील बँकेला टपालाने पाठवायची असते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवून चालत नाही, कारण टपालाला वेळ लागतो. दाखला वेळेत पोहोचला नाही तर डिसेंबरपासून रक्कम थांबते. ती बुडत नाही, दाखला मिळाल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते, परंतु मधल्या काळात विनाकारण पत्रव्यवहार करत बसावे लागते. दूतावासापर्यंत जाणे शक्य नसेल, तर नोटरी, दंडाधिकारी किंवा बँक अधिकारी यांनी सही केलेला दाखलाही नियमात चालतो. आपल्या बँकेला तो कोणत्या नमुन्यात हवा आहे, ते आधी विचारून घ्यावे.

दुसरी वाट जीवन प्रमाण या डिजिटल दाखल्याची आहे. २०२१ च्या नोव्हेंबरपासून भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून तो घरबसल्या काढता येतो. त्यासाठी आधार लागते. पण आपल्या बहिणीच्या बाबतीत एक अडचण येऊ शकते, ती म्हणजे चेहरा ओळखताना पापण्यांची उघडझाप करायला सांगितली जाते, आणि काचबिंदूने डोळे गेलेल्या अनेकांना ते यंत्राला समाधान होईल असे जमत नाही. याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, आणि दृष्टिहीन तसेच चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्तींना ओळखपडताळणीसाठी पापणी मिटण्याखेरीज दुसरा मार्ग उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. निकाल आला म्हणून सगळी अ‍ॅप्स लगेच सुधारतात असे नाही. म्हणून निदान पहिल्या वर्षी म्युनिकला जाऊन कागदी दाखला घ्यावा, असे माझे मत आहे.

येथे तिला काय मिळेल तेही थोडक्यात सांगते. भारतातील प्रमाणपत्र येथे थेट चालत नाही. वैद्यकीय अहवालांचे अधिकृत भाषांतर करून येथील कार्यालयाकडे नव्याने अर्ज करावा लागतो. ते दिव्यांगत्वाची पातळी ठरवतात, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक आली की तीव्र दिव्यांगत्वाचे ओळखपत्र मिळते. या राज्यात दृष्टिहीनांसाठी दरमहा मदतही आहे, आणि ती घरच्या मिळकतीवर नव्हे, तर राज्यातील वास्तव्यावर आधारलेली आहे. म्हणजे वर साहेबांनी सांगितलेला भेद इकडेही तसाच लागू आहे: उद्या ही मुलगी ठाण्याला परतली, तर इकडची मदत तिच्यामागे येणार नाही, पण वडिलांच्या सेवेचा पैसा दोन्हीकडे येईल. इकडची मदत सुरू झाली तर तीही भारतातील कार्यालयाला लेखी कळवावी आणि उत्पन्नाच्या अटीबाबत त्यांचे लेखी उत्तर घेऊन ठेवावे.

---

पाचपाखाडीचे सनदी लेखापाल

बँक आणि आयकर यांविषयी लिहितो. या दोन ठिकाणी "अनिवासी" कोणाला म्हणायचे ते वेगवेगळ्या कायद्यांनी वेगवेगळे ठरवले आहे, आणि ठाण्यातील निम्मी मंडळी तेथेच अडखळतात.

परकीय चलनाच्या कायद्यानुसार माणूस अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेला, की त्याच वेळी तो अनिवासी होतो. दिवस मोजत बसावे लागत नाहीत. म्हणून बहीण निघाल्यानंतर तिचे साधे बचत खाते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील मिळकतीसाठीच्या रुपयांतील खात्यात, बदलून घ्यावे लागेल. निवृत्तिवेतन एनआरओ खात्यात जमा होऊ शकते. अर्ज निघण्यापूर्वीच भरून ठेवावा आणि त्याच भेटीत नवा पत्ता, परदेशातून ओटीपी मिळेल असा क्रमांक आणि अंगठा किंवा सहीचा नमुना यांची नोंद करून घ्यावी, कारण दृष्टिहीन ग्राहकाला प्रत्यक्ष हजर राहून हे करणे जितके सोपे आहे, तितके दुरून नाही. एनआरओ खात्यातील चालू उत्पन्न, आणि निवृत्तिवेतन हे चालू उत्पन्नच आहे, कर भरल्यानंतर परदेशी पाठवता येते. वर्षाला दहा लाख डॉलरची जी मर्यादा आपण ऐकतो, तिच्यात ते मोजले जात नाही. त्यासाठी करविषयक घोषणापत्र, आणि रकमेप्रमाणे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, (१९६१ च्या कायद्याखालील नमुने १५सीए आणि १५सीबी) बँक मागेल.

आयकराचे वेगळे आहे. तेथे आर्थिक वर्षातील दिवस मोजतात. भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिल्यास अनिवासी ठरण्याची सवलत सर्वांना ठाऊक असते, परंतु निघण्याच्या वर्षी ती सवलत नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या नागरिकाला आहे. पत्नी म्हणून जाणाऱ्या व्यक्तीला ती मिळत नाही. तिने त्या आर्थिक वर्षात भारतात साठ दिवस काढले असतील आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस, तर त्या वर्षापुरती ती निवासीच ठरते. आपली बहीण माघात लग्न करून एप्रिल उलटल्यावर निघाली, तर तारीख पाहून हे तपासावे लागेल. कारण दिव्यांग व्यक्तीला मिळणारी वजावट, म्हणजे १९६१ च्या कायद्यातील कलम ८०यू, फक्त निवासी व्यक्तीला आहे. ऐंशी टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ती १,२५,००० रुपये आहे, त्याखालील दिव्यांगत्वास ७५,००० रुपये. अनिवासी झाल्यावर ती मिळणार नाही. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.)

मात्र यावरून निराश होण्याचे कारण नाही. ही वजावट मुळातच फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन हे पगार म्हणून नव्हे, तर इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न म्हणून करपात्र असते, आणि नव्या प्रणालीत त्यातून एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांतील कमी असलेली रक्कम वजा होते. नव्या प्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, आणि ही पायरी अनिवासी व्यक्तीलाही लागू आहे. बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी सूट मात्र अनिवासींना नाही. वर उदाहरणात दिलेली १८,९६० रुपयांची रक्कमच मासिक निवृत्तिवेतन म्हणून धरली, तर वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास होतात, म्हणजे तशीही करदेयता येत नाही. तरी बँक एनआरओ खात्यावरील व्याजातून तीस टक्क्यांनी कर कापते, आणि काही वेळा निवृत्तिवेतनातूनही कापते. तो परत मिळवण्यासाठी दरवर्षी विवरणपत्र भरावे.

जर्मनीशी आपला दुहेरी करटाळणीचा करार आहे. सरकारी सेवेबद्दल सरकारने दिलेल्या निवृत्तिवेतनावर कर लावण्याचा हक्क देणाऱ्या देशाकडे, म्हणजे भारताकडे, राहतो. उद्या तिने तेथील नागरिकत्व घेतले आणि तेथेच राहिली, तर हा हक्क जर्मनीकडे जातो.

---

नेरुळकर

आमचे प्रकरण थोडे वेगळे आहे, परंतु येथे वाचणाऱ्या काही जणांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. स्वतःचे व्यवहार तो पाहू शकत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कायदेशीर पालक लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती हे पालकत्व देते. आमचे थोरले बंधू कॅनडात असतात आणि खर्च तेच करतात, म्हणून पालक तेच व्हावेत असे सर्वांना वाटत होते. पण पालक भारतीय नागरिकच असला पाहिजे असा नियम आहे, आणि दादांनी तेथील नागरिकत्व घेतलेले आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओसीआय कार्ड येथे कामाला येत नाही. शेवटी अर्ज माझ्या नावे केला. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. परदेशी राहून हे किती जणांना जमेल?

ज्यांना संजय गांधी निराधार अनुदान मिळते, त्यांनी मात्र परदेशी गेल्यावर ते चालू राहील अशी आशा धरू नये. ते अनुदान किमान पंधरा वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य असलेल्या, अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीसाठी आहे. दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये दरमहा १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये झाले, त्यामुळे ते सोडणे जिवावर येते हे मी समजू शकतो. महापालिकांच्या दिव्यांग कल्याणाच्या योजनाही हद्दीतील रहिवाशांसाठीच असतात. निरामय आरोग्य विम्यातील एक लाखापर्यंतचा खर्चही भारतातील उपचारांचाच आहे.

---

ऐरोली सेक्टर आठ

विषय चालू आहे म्हणून विचारतो. माझ्या चुलतभावाला कारखान्यातील अपघातानंतर भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून कायम व पूर्ण अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. तोही जर्मनीतील मुलीकडे जाणार आहे. त्यालाही हेच सारे लागू होते का?

---

निवृत्त लेखाधिकारी (वाशी)

बरेचसे लागू होते, कारण तेही वर्गणीतून आलेले हक्काचे निवृत्तिवेतन आहे. शिवाय भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा सर्वसमावेशक करार १ मे २०१७ पासून अमलात आहे, आणि वर्गणीतून मिळणारी निवृत्तिवेतने दुसऱ्या देशात राहणाऱ्याला मिळत राहावीत हा त्याचा एक हेतू आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, फ्रान्स, नेदरलँड्स अशा देशांशीही आपले असे करार आहेत. अमेरिकेशी नाही. संजय गांधी अनुदानासारखी साहाय्ये या करारांत येत नाहीत. हयातीचा दाखला या योजनेत नोव्हेंबरमध्येच द्यावा लागत नाही. दिल्यापासून बारा महिने तो चालतो, म्हणून भारतभेटीच्या वेळी देऊन टाकणे सोयीचे. जानेवारी २०२५ पासून ही रक्कम देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, त्यामुळे जाण्यापूर्वी आपल्या सोयीची बँक निवडता येईल.

---

नौपाडकर (ठाणे)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहिणीशी आणि होणाऱ्या मेहुण्यांशी सविस्तर बोललो. ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि तिच्या शाळेतील प्रवेशाचा दाखला असे दोन्ही सापडले आहेत. दाखल्यावर प्रवेशाचे कारण म्हणून "पूर्ण दृष्टिहीन" असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि त्यावर वडिलांची सही आहे. अर्ज तयार करून तिला वाचून दाखवला, तेव्हा उत्पन्नाच्या घोषणापत्रात "नोकरी लागल्यास कळवीन" हे वाक्य तिनेच घालायला लावले.

आता एकच शंका उरते. वडिलांचे कार्यालय अलीकडेच दुसऱ्या इमारतीत गेले, आणि जुन्या पीपीओवरील विभागाचे नावही बदललेले आहे. अर्ज कोणत्या नावे करावा?

---

निवृत्त लेखाधिकारी (वाशी)

नव्या विभागाच्या कार्यालयप्रमुखांच्या नावे करावा आणि विषयात जुन्या विभागाचे नाव, वडिलांचे पूर्ण नाव, पदनाम व पीपीओ क्रमांक लिहावा. एक प्रत वेतन व लेखा कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवावी. शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये. साक्षांकित प्रत द्यावी आणि मूळ फक्त दाखवून परत आणावी.